सव्वाआठ इंची डेकखाली कुठला ट्रक? स्केटबोर्डच्या रुंदीचं सरळ गणित

इंडिपेंडंटचा १३९, थंडरचा १४७, व्हेंचरचा ५.२ आणि एसचा ३३. आकडे बघून वाटेल, चार कंपन्यांचे चार वेगवेगळ्या मापांचे ट्रक, म्हणजे फळीखालचे चाकं धरणारे धातूचे सांगाडे, असावेत. प्रत्यक्षात चारही एकाच मापाच्या डेकसाठी, म्हणजे पाय ठेवायच्या फळीसाठी आहेत, ८ इंच रुंदीच्या. सुटे भाग घेऊन पहिल्यांदा स्वतःचा स्केटबोर्ड जुळवायला बसणारा माणूस इथेच अडतो आणि त्यात त्याचा काहीही दोष नाही. प्रत्येक कंपनीने मापं सांगण्याची आपापली पद्धत ठरवून घेतली आहे आणि एकीचा आकडा दुसरीकडे चालत नाही.

त्यात भर म्हणजे चुकीचा ट्रकही डेकवर अगदी व्यवस्थित बसतो. आजच्या जवळपास सगळ्या डेकवर भोकांची मांडणी सारखीच असते, आडवं अंतर १.६२५ इंच आणि उभं अंतर २.१२५ इंच. ट्रक अरुंद असो की रुंद, डेकला टेकणारी त्याची बेसप्लेट याच भोकांशी जुळते. म्हणजे बोल्ट कुठे अडत नाहीत, नट घट्ट बसतात, बोर्ड चालूही लागतो. गडबड जाणवते ती नंतर, वळताना आणि उडी मारताना. तेव्हा शिकणारा स्वतःच्या पायांना दोष देतो, महिनोन् महिने त्याच बोर्डवर झगडतो. मला हे फार खटकतं, कारण एक टेप घेऊन पाच मिनिटं बसलं तर हा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

मोजायचं नेमकं काय?

ट्रक म्हणजे डेकच्या खाली बसणारा धातूचा सांगाडा, एका बोर्डला दोन. वरच्या बाजूला बेसप्लेट, चार बोल्टनी डेकला आवळलेली. तिच्यातून एक जाड बोल्ट बाहेर येतो, तो किंगपिन. किंगपिनवर दोन बुशिंग असतात. दिसायला रबराची, पण असतात पॉलियुरेथेनची. तुम्ही एका बाजूला झुकलात की ही बुशिंग दबतात आणि ट्रक वळतो. दोन बुशिंगच्या मध्ये धरलेला आडवा तुकडा म्हणजे हँगर. आणि हँगरच्या पोटातून आरपार गेलेली पोलादी दांडी म्हणजे अ‍ॅक्सल. तिची दोन्ही टोकं हँगरच्या बाहेर येतात आणि त्यांच्यावर चाकं चढतात.

म्हणजे एकाच ट्रकला दोन रुंदी आहेत. एक हँगरची, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या धातूची. दुसरी अ‍ॅक्सलची, म्हणजे दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची. डेकशी जुळवायची ती दुसरी. चाकं अ‍ॅक्सलच्या टोकांपाशी असतात, त्यामुळे चाकांची बाहेरची बाजू डेकच्या कडेखाली कुठे येणार हे अ‍ॅक्सल ठरवतो.

कंपन्यांच्या आकड्यांचा घोळ इथेच सुरू होतो. इंडिपेंडंटचा आकडा हँगरचा आहे, मिलिमीटरमध्ये. १३९ मध्ये दोन्ही बाजूंच्या टोकांचे मिळून साधारण ६५ मिलिमीटर मिळवले की २०४ च्या आसपास येतात, म्हणजे ८ इंच. १४४ चा अ‍ॅक्सल सव्वाआठ, १४९ चा साडेआठ, १५९ चा पावणेनऊ. १२९ हा ७.६ इंचांचा. त्यांच्या सगळ्यात रुंद २१५ ला मात्र ही बेरीज लावू नका, त्याचा अ‍ॅक्सल १० इंचांचा असतो. व्हेंचर हँगरच सांगतं, पण इंचांत. ५.२ म्हणजे ८ चा अ‍ॅक्सल, ५.६ म्हणजे सव्वाआठ, ५.८ म्हणजे साडेआठ. इथे मिळवायचे ते सुमारे पावणेतीन इंच.

थंडरचा आकडा मात्र हँगरचे मिलिमीटर समजून वाचला तर फसगत होते. १४५ चा अ‍ॅक्सल ७.६ इंचांचा आणि १५१ चा ८.७५ चा. आकडा फक्त ६ ने वाढला, पण दांडी जवळपास २९ मिलिमीटरने वाढली. मधले तीन म्हणजे १४७ हा ८ चा, १४८ हा सव्वाआठचा आणि १४९ हा साडेआठचा. म्हणजे इंडिपेंडंटचा १४९ आणि थंडरचा १४९ एकाच डेकला चालतात, पण तो योगायोग. त्यावरून बाकीचे आकडेही जुळतील असं धरून चाललात तर गोंधळ अटळ. एसच्या नव्या एएफ१ मालिकेत ३३, ४४, ५५ अशी नावं आहेत, अनुक्रमे ८, सव्वाआठ आणि साडेआठसाठी. हे आकडे कशाचंही माप नाहीत, नुसते क्रमांक आहेत. क्रक्स सरळ ८, ८.२५, ८.५ असं लिहितं आणि माझ्या मते सगळ्यांनी तेच करायला हवं.

या सगळ्यातून बाहेर पडायचा मार्ग एकच. नाव आणि क्रमांक बाजूला ठेवा आणि वर्णनात अ‍ॅक्सलची रुंदी शोधा. ती बहुतेक वेळा दिलेली असते. जुना, वापरलेला ट्रक हातात असेल तर दांडीच्या टोकापासून टोकापर्यंत टेप लावा. इतकंच.

डेक मोजताना थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं. डेक सपाट नसतो, त्याला कॉनकेव्ह म्हणजे आडवी खोलगट वळण असते. टेप त्या खोलगटपणात दाबून मोजलंत तर माप जास्त येतं. डेक उलटा ठेवा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत टेप ताणून सरळ रेषेत मोजा. दोन्ही टोकं गोल असलेल्या नेहमीच्या डेकवर मध्यभागी कुठेही मोजलं तरी फारसा फरक पडत नाही. पण काही डेक मागच्या बाजूला निमुळते होतात, काही मध्ये फुगीर असतात. अशा आकाराच्या डेकवर सर्वांत रुंद जागेचं माप फसवं ठरतं. तिथे ट्रकच्या बोल्टपाशी, म्हणजे चाकं जिथे येणार त्या रेषेवर मोजायला हवं. निमुळत्या डेकवर पुढे आणि मागे वेगवेगळं माप आलं तर दोहोंपैकी लहान माप धरा. पुढचा आणि मागचा ट्रक मात्र एकाच रुंदीचे ठेवायचे.

पाव इंच म्हणजे किती?

सगळीकडे सांगितला जाणारा नियम असा, की अ‍ॅक्सल आणि डेक यांच्या रुंदीत पाव इंचापेक्षा जास्त फरक नसावा. नियम चांगला आहे, पण तो कळायला एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. फरक दोन बाजूंना वाटला जातो.

सव्वाआठचा डेक आणि ८ चा अ‍ॅक्सल घेतला तर एकूण फरक पाव इंच, म्हणजे दोन सूत. पण ट्रक मध्यभागी बसतो, त्यामुळे प्रत्येक बाजूला एकच सूत वाट्याला येतं, साधारण ३ मिलिमीटर. इतकं डोळ्यांना जेमतेम दिसतं. साडेआठचा डेक आणि ८ चा अ‍ॅक्सल झाला की प्रत्येक बाजूला दोन सूत, म्हणजे ६ मिलिमीटरच्या वर. आता वरून पाहिलं तर चाक डेकच्या बरंच आत गेलेलं दिसतं आणि पायालाही ते कळतं.

म्हणून ८.१२५ किंवा ८.३८ असे मधले डेक घेतले की घाबरायचं कारण नाही. ८.१२५ च्या डेकला ८ चा ट्रक चालतो आणि सव्वाआठचाही चालतो. दोन्हीकडे फरक एका सुताचा, म्हणजे एका बाजूला दीड मिलिमीटर. या फरकावर तासन् तास वाद घालणारे भेटतात. माझं स्पष्ट मत आहे की नव्याने शिकणाऱ्याने त्यात पडू नये. दीड मिलिमीटरपेक्षा बुशिंग किती कडक आहेत आणि किंगपिनचा नट किती आवळला आहे याचा परिणाम कितीतरी मोठा असतो.

ट्रक अरुंद पडला तर

डेक चाकांच्या बाहेर लटकतो. पाय कडेवर ठेवला की तुमचं वजन चाकांच्या रेषेबाहेर पडतं. तिथे बोर्डला खालून आधार नाही. मग दोन गोष्टी होतात. पहिली, बोर्ड पटकन झुकतो. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड लागतं आणि कडीजवळ ढकललं तर बोटानेही उघडतं, तसंच हे. किंगपिन ही बिजागरी धरली तर रुंद डेकची कड म्हणजे कडीची जागा. मधल्या रेषेपासून पाय जितका लांब, तितकी बुशिंग दबायला सोपी. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. वजन चाकांच्या रेषेच्या पलीकडे गेलं की नुसता डेक झुकत नाही, पलीकडच्या बाजूची चाकं जमिनीवरून सुटायला बघतात. उडी मारून थोडं कडेवर उतरलं की बोर्ड पायाखालून कलंडतो तो यामुळे.

थोडासा अरुंदपणा मात्र अनेकांना आवडतो आणि त्याला कारण आहे. चाकं डेकच्या आत लपलेली असली की पायाच्या वाटेत येत नाहीत. एका पायाने जमीन मागे रेटताना टाच मागच्या चाकाला लागत नाही. किकफ्लिपमध्ये बोर्ड हवेत फिरून पायाखाली येतो तेव्हा बुटाला डेकचीच कड मिळते, चाक मिळत नाही. आणि बोर्ड फिरतोही जरा सहज.

हा 'जरा' किती, हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. किकफ्लिपमध्ये बोर्ड लांबीच्या आसाभोवती गिरकी घेतो. फिरणाऱ्या वस्तूत वजन आसापासून जितकं दूर, तितकी ती फिरवायला जड आणि हा जडपणा अंतराच्या वर्गाने वाढतो. चारही चाकं आणि त्यांतली बेअरिंग हे या आसापासून सर्वांत दूर असलेलं घट्ट वजन. अ‍ॅक्सलच्या टोकापासून चाकाचा मध्य साधारण २० मिलिमीटर आत धरला, तर ८ इंची ट्रकवर तो मधल्या रेषेपासून सुमारे ८२ मिलिमीटर आणि साडेआठवर ८८ मिलिमीटर दूर येतो. अंतर वाढलं ७-८ टक्क्यांनी, पण चाकांना फिरवण्याचा जडपणा वाढला १५-१६ टक्क्यांनी. यात डेक आणि हँगरचा हिस्सा धरलेला नाही, त्यामुळे संपूर्ण बोर्डाचा फरक वेगळा येईल. पण रुंद बोर्डवरून अरुंद बोर्डवर आलेल्याला फ्लिप हलका का वाटतो, ते यातून कळतं. आणि हेही कळतं की ८ वरून सव्वाआठवर जाताना हा फरक निम्म्याच्या आसपास, म्हणजे सवयीने भरून निघण्यासारखा असतो.

ट्रक रुंद पडला तर

चाकं डेकच्या बाहेर डोकावतात. टाच चाकावर आपटते, कधी कधी बूट चालत्या चाकाला घासून वेग मारतो. फ्लिप करताना पाय चाकावर पडला तर बोर्ड हातचा निसटतोच, शिवाय घोटाही मुरगळू शकतो. वळणंही सुस्त वाटतात. पाय चाकाच्या आतच दाब देऊ शकतो आणि तेवढंच वळण मिळवायला लांब हँगरच्या टोकावरच्या चाकाला पुढेमागे जास्त सरकावं लागतं. खडबडीत रस्त्यावर आणखी एक गोष्ट जाणवते. एका चाकाखाली खडा किंवा भेग आली की तो धक्का लांब हँगरच्या टोकावर बसतो आणि ट्रकला जास्त जोराने पिळतो.

याची जमेची बाजू म्हणजे स्थिरता. आधार रुंद असल्यामुळे बोर्ड सहजी कलंडत नाही. मोठ्या रॅम्पवर आणि बाउलमध्ये, म्हणजे वाटीसारख्या खोलगट जागेत, जिथे वेग खूप असतो आणि फ्लिप कमी असतात, तिथे चाकं डेकच्या कडेशी अगदी बरोबरीत ठेवणारे पुष्कळ आहेत. ग्राइंडसाठीही रुंद हँगर कामाला येतो. ग्राइंड म्हणजे चाकांच्या मधला धातू कठड्यावर किंवा पाइपवर घासत नेणं. १३९ च्या जागी १४९ घेतला तर मधला धातू १ सेंटिमीटरने वाढतो आणि ट्रक कडेवर बसवायला तेवढी जास्त जागा मिळते. बाउलच्या वरच्या गोल कडेवर तिरकं घासत जाणाऱ्याला ही जागा हवीशी वाटते. रुंद ट्रक किंचित जड असतो, पण केवळ वजनासाठी रुंदी बदलणं मला पटत नाही.

व्हीलबाइटचा उल्लेख इथे करायला हवा, कारण त्याचं खापर अनेकदा रुंदीवर फुटतं. झुकल्यावर डेकची खालची बाजू चाकाला टेकते, चाक एकदम थांबतं आणि बोर्डवरचा माणूस पुढे फेकला जातो. पडण्याच्या सगळ्या प्रकारांत हा वाईट, कारण तो सावध व्हायला वेळ देत नाही. पण याची मुख्य कारणं तीन. चाक मोठं असणं, ट्रक बुटका असणं आणि बुशिंग सैल असणं. रुंदीचा वाटा लहान आहे. रुंद डेकखाली अरुंद ट्रक असला तर लांब तरफेमुळे तुम्ही न कळत जास्त झुकता, एवढाच. ५२-५३ मिलिमीटरच्या चाकांना हा धोका कमी. ५६ किंवा त्याहून मोठी चाकं लावायची असतील तर उंच ट्रक घ्या, नाहीतर डेक आणि बेसप्लेटच्या मध्ये एक सूत जाडीचा रायझर घाला. रुंदी बदलून व्हीलबाइट सुटेल या आशेवर नवा ट्रक घेऊ नका.

मग निवडायचं कसं?

मापाची चर्चा बहुतेक वेळा अशी होते, की डेक ठरवा आणि त्याला जुळणारा ट्रक घ्या. पहिल्या बोर्डसाठी हे ठीक. पण डेक मॅपलच्या सात पातळ थरांचा असतो. तो झिजतो, टोकाला फुटतो, ओलाव्याने मऊ पडतो. रोज उड्या मारणाऱ्याचा डेक काही महिन्यांत संपतो. ट्रक धातूचा असतो आणि नीट वापरला तर वर्षानुवर्षं चालतो. बदलायला लागतात ती बुशिंग आणि पिव्होट कप, म्हणजे बेसप्लेटच्या खळग्यातली छोटी वाटी, आणि दोन्ही सुटे मिळतात. म्हणजे एका ट्रकच्या आयुष्यात तुम्ही अनेक डेक वापरणार आहात.

म्हणून विचार उलटा करा. पुढच्या दोन-तीन वर्षांत तुम्ही कुठल्या रुंदीच्या डेकच्या आसपास फिराल ते पाहा आणि त्या पट्ट्याच्या मधला ट्रक घ्या. सव्वाआठच्या अ‍ॅक्सलवर ८.१२५, ८.२५, ८.३८ आणि ८.५ असे चारही डेक पाव इंचाच्या आत बसतात. ८ चा डेकही बसतो, फक्त चाकं प्रत्येक बाजूला एक सूत बाहेर येतात. नक्की काय आवडतं हे अजून ठरलेलं नसेल, तर प्रौढ माणसाला मी सव्वाआठचाच ट्रक सुचवेन. डेक बदलत राहून शोध घ्या, ट्रक तोच ठेवा.

दोन मापांच्या बरोबर मध्ये अडकलात तर माझा कल ठरलेला आहे. रस्त्यावर, पायऱ्यांवर, कठड्यांवर खेळणार असाल आणि फ्लिप शिकायचे असतील तर अ‍ॅक्सल डेकपेक्षा किंचित लहान घ्या. रॅम्प आणि बाउल हेच तुमचं मैदान असेल तर डेकच्या बरोबरीचा घ्या. डेकपेक्षा रुंद ट्रक शिकणाऱ्याला मी देणार नाही. अरुंदपणाशी पाय जुळवून घेतात, पण टाच चाकावर आपटण्याची सवय कोणाला होत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत हे जास्त काटेकोरपणे पाहावं. त्यांचे डेक ७.२५ ते ७.५ इंचांचे असतात आणि घरात पडलेले मोठ्या माणसाचे ट्रक त्याखाली लावण्याचा मोह होतो. ७.२५ च्या डेकखाली ८ चा अ‍ॅक्सल म्हणजे प्रत्येक बाजूला तीन सूत चाक बाहेर. शिवाय मोठ्यांच्या ट्रकमधली बुशिंग कमी वजनाच्या मुलाला दबतच नाहीत. मूल झुकतं, बोर्ड वळत नाही आणि मग 'याला जमत नाही' असं म्हटलं जातं. त्याला साडेसातच्या आसपासचा अ‍ॅक्सल आणि मऊ बुशिंग द्या, फरक तुम्हालाच दिसेल.

ही मापं आली कुठून?

झुकून वळणारी यंत्रणा स्केटबोर्डपेक्षा पुष्कळ जुनी आहे. जेम्स प्लिम्प्टन यांनी १८६३ साली अमेरिकेत चार चाकी रोलर स्केटचं पेटंट घेतलं, त्यात पाय कलता केला की चाकं वळत. १९६० च्या दशकातल्या स्केटबोर्डना रोलर स्केटचेच ट्रक लावलेले असत, म्हणजे बुटाच्या मापाचे, अगदी अरुंद. १९७० च्या दशकात पॉलियुरेथेनची चाकं आली, जमिनीवर पकड मिळाली, वेग वाढला आणि तो अरुंद आधार अपुरा पडू लागला. ट्रॅकरसारख्या कंपन्यांनी खास स्केटबोर्डसाठी रुंद ट्रक बनवले, १९७८ साली इंडिपेंडंट आली. त्या दशकाच्या शेवटी डेक १० इंचांपर्यंत फुगले होते. १९९० च्या सुरुवातीला रस्त्यावरच्या फ्लिपांचा जमाना आला आणि डेक साडेसातच्या आसपास आक्रसले, चाकं तर ४० मिलिमीटरपर्यंत खाली गेली. आता पुन्हा ८ ते साडेआठ ही नेहमीची मापं झाली आहेत. डेक असा आत-बाहेर होत राहिला आणि ट्रक त्याच्या मागे धावत राहिला. जुने ट्रक हाती आले तर हा काळ लक्षात ठेवा. नव्वदच्या दशकातला सुस्थितीतला ट्रक आजच्या साडेआठच्या डेकखाली फार अरुंद पडेल.

लाँगबोर्डचं वेगळं का?

लाँगबोर्डच्या ट्रकवर १५० किंवा १८० असे आकडे असतात. तेही बहुधा हँगरचे मिलिमीटर. पॅरिस नावाच्या कंपनीच्या १८० चा अ‍ॅक्सल पावणेदहा इंचांचा आहे. डेकच्या खाली नेहमीसारखा बसणारा ट्रक असेल तर वरचेच नियम लागू. पण लाँगबोर्डमध्ये ड्रॉप-थ्रू नावाची रचना असते. तिथे ट्रक डेकमधल्या खाचेतून बसतो आणि चाकांपाशी डेक कापून अरुंद केलेला असतो. चाकांच्या वर डेक नसतोच, त्यामुळे व्हीलबाइटचा प्रश्न जवळपास मिटतो आणि चाकं उघडी असणं हा तिथे दोष नसून रचनेचा भाग असतो. अशा वेळी पाय ठेवायच्या मधल्या भागाची रुंदी मोजून अ‍ॅक्सल तिच्या आसपास ठेवतात.

चाकं चढवल्यावर

अ‍ॅक्सल बरोबर निवडला तरी चाकाची जाडी शेवटचे एक-दोन मिलिमीटर ठरवते. बेअरिंग मध्यभागी असलेल्या चाकाची जाडी वाढली तर ती आत-बाहेर सारखी वाढते. ३१ मिलिमीटरच्या जागी ३५ मिलिमीटर जाडीचं चाक लावलं तर बाहेरची कड २ मिलिमीटर पुढे येते. अ‍ॅक्सल डेकच्या बरोबरीचा असेल आणि चाकं जाड असतील, तर ती बाहेर डोकावतात ती यामुळे. ट्रक न बदलता पातळ चाकं घेऊनही हे सुटतं.

जुळवणी झाली की बोर्ड जमिनीवर ठेवून मागून, डोळे डेकच्या पातळीवर आणून पाहा. दोन्ही बाजूंना चाकं कडेपासून सारख्या अंतरावर असायला हवीत. एका बाजूचं चाक बाहेर आणि दुसरं आत दिसलं तर चुकीचा ट्रक आला असं समजून परत करायची घाई करू नका, बहुधा अ‍ॅक्सल हँगरमध्ये सरकलेला असतो. वापरलेल्या ट्रकमध्ये हे सर्रास आढळतं. चाक काढा, बाहेर आलेल्या टोकावर नट आट्यांच्या बरोबरीत येईल इतपत फिरवून ठेवा, म्हणजे आटे खराब होणार नाहीत, आणि हातोडीने हलके ठोके देऊन दांडी परत मध्ये आणा. पुन्हा पुन्हा सरकत असेल तर तो हँगर बदलण्याच्या लायकीचा झाला.

काही जण ट्रक थोडा अरुंद पडला की हँगर आणि चाकाच्या मध्ये जादा वॉशर घालून चाक बाहेर आणतात. एखादा वॉशर चालून जातो. पण दांडीची लांबी तेवढीच आहे, चाक बाहेर सरकलं की नटाला आटे कमी मिळतात. नट घट्ट केल्यावर त्याच्या आतल्या नायलॉनच्या कड्यातून दांडीचं टोक बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर तो वॉशर काढून टाका, कारण चालत्या बोर्डवरून सुटलेलं चाक हे अरुंद ट्रकपेक्षा खूप वाईट.